रुळापलीकडचा बोका

अब्बा, तुमच्याशी भांडायचं राहून गेलं. तुम्ही धडधाकट होतात तेव्हा माझी हिंमत नव्हती, आणि हिंमत आली तेव्हा तुम्ही खाटेला खिळले होतात. पडलेल्या माणसाशी कोण भांडतं? आता तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली, मी शाळेतून निवृत्त झाले, आणि यंदाच्या उन्हाळ्यात एका बोक्यापायी असं काही घडलं की ते भांडण आता करावंच लागतंय. उर्दू मला वाचता येते, पण लिहिताना हात अडखळतो. सगळी उमर मराठी शाळेत फळ्यासमोर गेली, म्हणून मराठीतच लिहिते. तुम्हालाही गिऱ्हाइकांशी मराठी बोलताना कधी अडचण पडली नाही. फक्त मधेच उठून जायचं नाही. लहानपणी मी काही बोलायला लागले की तुम्ही कापूस पिंजायचं धनुष्यासारखं पिंजण उचलायचात, कापसात त्याची तात वाजायला लागायची आणि माझं बोलणं तिथंच संपायचं.

तुमचं दुकान आता तुम्हाला ओळखू येणार नाही. भाऊनं सगळं फोमचं केलंय. गाद्या कारखान्यातून प्लास्टिकमध्ये गुंडाळून येतात. कापसाची गादी फक्त लग्नसराईत, घरातलं कुणी म्हातारं माणूस अडून बसलं तर. तुमचं पिंजण त्यानं भिंतीवर टांगून ठेवलंय आणि लोक त्याच्याजवळ उभे राहून फोटो काढतात. वरच्या दोन खोल्यांत मी असते. तुमचे जावई वारले तेव्हा भाऊ स्वतः टेम्पो घेऊन आला आणि माझं सामान उचलून रिसोडला घेऊन आला. हे त्याच्या बाजूनं आधीच सांगून ठेवते, कारण पुढे त्याच्याबद्दल बरंच वाकडं लिहायचं आहे. मुलगी पुण्याला नोकरी करते. गेल्या वर्षी तिला घर बदलावं लागलं, नव्या घरमालकाला जनावर चालत नव्हतं, म्हणून तिची मांजर तिनं माझ्याकडे आणून सोडली आणि वर मला कागदावर यादी लिहून दिली, काय खायला द्यायचं आणि काय नाही. मला, जिनं हजारो मुलांना सूचना लिहून दिल्या.

ही मांजर म्हणजे एक प्रकरण आहे. पांढरीशुभ्र, केसाळ, नाक बसकं, विकत घेतलेली. पाकिटातलंच खाते. उंदीर दिसला की माझ्या मागं येऊन बसते. रोज विंचरलं नाही तर केसांच्या गाठी होतात, म्हणून सकाळी मी तिला मांडीवर घेऊन कंगवा फिरवते आणि समोरच्या काकू त्यांच्या ओट्यावरून ओरडतात, “बाई, वेणी घालून राह्यल्या का तिची?” काकू तुम्हाला आठवतील, त्यांच्या लग्नाची गादी तुम्हीच भरली होती आणि ती अजून वापरात आहे, असं त्या दर दिवाळीला मला ऐकवतात. तर ही पांढरी घरात आली आणि कुणी एक शब्द बोललं नाही. भाऊनंसुद्धा दुकानात येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं सांगितलं की आपाकडे पुण्याची मांजर आहे.

होळी झाल्यावर ऊन तापायला लागलं, मी गच्चीत कूलर बसवून घेतला, त्याच आठवड्यात तो आला. सकाळी दुधाची पिशवी घ्यायला दार उघडलं तर जिन्याच्या वरच्या पायरीवर बसलेला. मळकट पिवळा रंग, गाल फुगलेले, एक कान फाटलेला, नाकावर जुना ओरखडा. मी “हट” म्हटलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं, डोळे मिटले, पुन्हा उघडले आणि जागचा हलला नाही. मी पिशवी उचलायला वाकले तसा माझ्या पायाजवळून आत शिरला, जसं घर त्याचं होतं आणि मी दूध टाकायला आलेली बाई. पांढरीच्या ताटलीतलं होतं नव्हतं ते चाटून खाल्लं. ती खिडकीत शेपूट फुगवून बसली होती, तिच्याकडे त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही. मग गच्चीत गेला, कूलरखाली ठिबकणारं पाणी प्यायला आणि कठड्यावरून उडी मारून निघून गेला. ओळख ना पाळख.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला पुन्हा. तिसऱ्या दिवशीही. पायाशी घोटाळणं नाही, गुरगुर नाही, लाडीगोडी नाही. येणार, खाणार, पाणी पिणार, जाणार. एकदा मी हात पुढे केला तर मनगटावर तीन रेघा ओढून ठेवल्या. मला राग आला आणि दुसऱ्या दिवशी मी दार उघडलंच नाही. तो दाराबाहेर बसून राहिला, एकदाही ओरडला नाही. शेवटी दूध नासेल म्हणून मलाच दार उघडावं लागलं. काकूंनी हे सगळं समोरून पाहिलं होतं.

“हा बोका कोणाचा व्हय बाई?”

“कोणाचाच नाही.”

“मंग तुमच्याच घरी काहून येऊन राह्यला?”

“मले काय माहीत काकू? त्यालेच इचारा.”

“त्याचं थोबाड तं पाहा,” काकू म्हणाल्या, “जसा रातभर मार खाऊन आला.” आणि स्वतःच खूप हसल्या. मुलीला फोनवर सांगितलं तर ती घाबरली. म्हणाली, “अम्मी, त्याला हात लावू नकोस, आधी इंजेक्शनं द्यावी लागतील. आणि बोका आहे तर ऑपरेशन करून घे, नाहीतर तो सगळीकडे मुतत फिरेल.” मी म्हटलं, बरं. आणि काही केलं नाही. ही माझी चूक, ती माझ्याच नावावर राहू द्या.

झालं तसंच. एका शुक्रवारी भाऊ नमाजहून आला, दुकान उघडलं आणि वास आला. एका मुलीच्या लग्नात द्यायच्या तीन गाद्या दाखवण्यासाठी प्लास्टिक काढून ठेवल्या होत्या. बोक्यानं मागच्या खिडकीतून येऊन तिन्हींवर आपली सही केली होती. बोक्याचा वास तुम्हाला ठाऊक आहे. धुऊन जात नाही, वाळवून जात नाही, अत्तर मारलं तर आणखीच बिघडतो. लग्नघरची माणसं आली, दारातच थांबली, नाकाला रुमाल लावला आणि दुसऱ्या दुकानात गेली. भाऊ जिन्यावरून धाडधाड वर आला. चिडला की तो घरातलं बोलणं सोडून दुकानातल्या भाषेवर येतो, अगदी तुमच्यासारखा.

“आपा, तुह्या त्या बोक्यानं तीन गाद्यांचं वाटोळं केलं.”

“माहा नाही तो.”

“खातो तुह्या घरी, मुततो माह्या दुकानात, अन् म्हणते माहा नाही?”

मी म्हटलं, “आठ दिवस दे. अकोल्याले नेते, ऑपरेशन करून आणते. मंग नाही करत ते, पोरीनं सांगतलं.”

“लग्नसराईत आठ दिवस? आपा, गिऱ्हाईक पायरीवरून वापस चाललं, तू पाह्यलं नाही का?” मग खाली जायला वळला आणि जिन्यात थांबून म्हणाला, “अब्बा असते तं दुसऱ्याच दिवशी जऊळक्याले पोचवला असता.”

बघा, आलात की नाही तुम्ही मधे? जऊळक्याची गोष्ट घडली तेव्हा भाऊ पाळण्यात होता. त्याला ती गोष्ट माहीत आहे ती लग्नाकार्यात सांगतात तशी: किन्हीराजा गावातल्या लग्नात पिंजाऱ्याचा लोड म्याव करून ओरडला, नवरदेवाचा बाप उडाला, आणि दुसऱ्या दिवशी अब्बांनी मांजरीला पोत्यात घालून जऊळक्याच्या स्टेशनावर सोडून दिलं. सगळे हसतात. मीही कितीतरी वर्षं हसले. भाऊ गेला आणि मी हातातला कंगवा तसाच धरून बसून राहिले, आणि मला कळलं की मला त्या गोष्टीचं हसू कधीच आलं नव्हतं. म्हणून आता ती मी सांगते, जशी होती तशी. तुम्हाला ठाऊक आहे, तरी माझ्या तोंडून एकदा ऐका.

मी नऊ वर्षांची आहे. भाऊ नुकताच झालाय, अम्मीचा चिल्ला चालू आहे, चाळीस दिवस ती आतल्या खोलीत, घरभर बायका. मला तिथं कुणी थांबू देत नाही म्हणून मी दिवसभर दुकानात, तुमच्याजवळ. करड्या रंगाची ती मांजर दुकानामागं राहायची. उंदीर मारायची म्हणून तुम्ही तिला चालवून घेत होतात. तिनं पिंजलेल्या कापसाच्या ढिगात तीन पिल्लं घातली. तुम्ही पाहिलंत आणि म्हणालात, “कापसात केस गेले का गादी गेली. हालव याइले.” रागावून नाही, कामाच्या घाईत. मी हलवली. कोपऱ्यात लोडाच्या खोळी पडल्या होत्या, शिवलेल्या, एका तोंडानं उघड्या. त्यातल्या एकीत तुम्ही अर्धा कापूस भरून ठेवला होता. मला ते फार छान घर वाटलं. तिन्ही पिल्लं मी त्यात ठेवली आणि वरून थोडा कापूस पांघरला.

दुसऱ्या दिवशी मांजरीनं स्वतःच पिल्लं हलवायला घेतली, मानेला धरून, एकेक करून. दोन नेली. तिसरं न्यायच्या आत किन्हीराजाची जीप दारात येऊन हॉर्न वाजवायला लागली, लग्नाचं सामान आजच पाहिजे म्हणून. तुम्ही उरलेला कापूस खोळीत दाबलात, दाभणानं तोंड शिवलंत आणि लोड जीपमध्ये टाकलात. अब्बा, शिवायच्या आधी खोळीत कोपरापर्यंत हात घालून कापूस चाचपायचा, ही तुमची सवय होती. गाठ राहिली तर पाठीला टोचते, असं तुम्ही येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचात, आणि पंचक्रोशीत तुमच्या लोडाचं नाव होतं ते त्यामुळं. त्या दिवशी तुम्ही चाचपलं नाही. मी दारात उभी राहून पाहत होते. पिल्लं गेलीत असं मला वाटलं होतं, मी मोजली नव्हती.

संध्याकाळी मांडवात नवरदेवाचे वडील टेकून बसले आणि लोड ओरडला. उसवला तर आतून पिल्लू निघालं, नाकातोंडाला कापूस चिकटलेलं, पण जिवंत. आधी लोक हसले, मग कुणीतरी अपशकुन म्हणालं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दोन माणसं फाटका लोड आणि पिशवीत पिल्लू घेऊन दुकानात उभी. गिऱ्हाइकांनी दुकान भरलेलं. “पिंजारीदादा, आमी लोड सांगतला होता, मांजर नाही सांगतलं.” तुम्ही हात जोडलेत. तुमचे जोडलेले हात मी त्याआधी कधी पाहिले नव्हते, मला ते सहन झालं नाही. मी पुढे झाले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, “अब्बा, मी ठेवलं होतं.”

तुम्हाला ऐकू आलं होतं. नाही म्हणू नका. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि मग त्या माणसांकडे वळून म्हणालात, “मांजरीची जात, कुठीबी पिल्लं ठेवते. आजच काढतो तिले.” मला म्हणालात, “आत जाय.” बस. नऊ वर्षांच्या पोरीनं पन्नास डोळ्यांसमोर खरं बोलून दाखवलं आणि तुम्ही ते उचलून कचऱ्यात टाकलंत. लेकीला वाचवलं, असं तुम्हाला वाटलं असेल. मला नाही वाटत तसं. तुम्ही स्वतःला वाचवलंत. मी ठेवलं हे तुम्ही मान्य केलं असतं, तर पुढचा प्रश्न आला असता, मग तुम्ही चाचपलं कसं नाही? मांजरीला कुणी प्रश्न विचारत नाही.

नवा लोड घेऊन तुम्ही दुपारच्या जीपनं किन्हीराजाला निघालात आणि मला सोबत घेतलंत. का घेतलंत ते तुम्ही सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. पोतं माझ्या मांडीवर होतं. मांजर आत होती, तीन पिल्लंही. ती आधी ओरडली, मग गप्प झाली, आणि पोत्यातून तिची ऊब माझ्या पायांना लागत होती. लोड देऊन, माफी मागून आपण तिथून जऊळक्याला गेलो. रूळ ओलांडून पलीकडे गेलो. तुम्ही म्हणालात, “मांजर पाण्यातून येते, पण रूळ ओलांडून येत नाही.” पोतं सोडलंत तशी ती सुसाट झुडपात पळाली. पिल्लं पोत्यातच राहिली, तुम्ही ती अलगद एका बाभळीखाली ओतलीत. मी म्हटलं, “अब्बा, ती वापस नाही आली तं?” तुम्ही म्हणालात, “जनावर हाय, पाह्यते आपलं.” मग माझा हात धरला आणि चालायला लागलात. तुम्ही मागं वळून पाहिलं नाही. येताना मला कंपासपेटी घेऊन दिलीत, पत्र्याची, निळी. मी घेतली. मला आवडलीही. ती मी घ्यायला नको होती.

तुम्ही वाईट होतात असं मी म्हणत नाही. मला टायफॉइड झाला तेव्हा दुकान बंद ठेवून उशाशी बसलेला बाप वाईट नसतो. पण त्या दिवशी तुम्ही चुकलात, आणि चुकलात हे तुम्हाला कळलं होतं, म्हणून तर कंपासपेटी. तुम्हीच शिकवायचात ना, मांजर पाक जनावर आहे, तिनं तोंड लावलेलं पाणी नापाक होत नाही? मग त्या पाक जनावराच्या डोक्यावर आपल्या दोघांची चूक कशी ठेवलीत? मी चार दिवस जेवले नाही, आणि घरात सगळ्यांना वाटलं भाऊ झाला म्हणून रुसली आहे. एवढं सगळं घरात घडलं आणि उरलं काय, तर लग्नात सांगायचा एक विनोद.

हे भाऊला तेव्हाच सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. त्यानं दुसऱ्या दिवशी शेवटचं सांगितलं, “परवापर्यंत सोडून ये. नाही तं मी सोडतो, अन् मी सोडला तं मले इचारू नको कुठी सोडला.” आपल्या गल्लीत शेतीच्या औषधांची दोन दुकानं आहेत, अब्बा. मी घाबरले. सकाळी पोत्यात उकडलेलं चिकन ठेवलं, तो नेहमीच्या वेळेला आला आणि बेधडक आत घुसला. इतक्या दिवसांत मी त्याला पहिल्यांदा हात लावला, तो पोत्याचं तोंड बांधताना. मग रिसोडच्या स्टँडवरून मालेगावची एसटी. कंडक्टरनं विचारलं, “पोत्यात काय हाय बाई?” म्हटलं, मांजर. तो म्हणाला, “मंग हाफ काढा.” गाडीतले सगळे हसले, मीही हसले, आणि पोतं मांडीवर घट्ट धरून ठेवलं. मालेगावहून जीपनं जऊळका. दुसरीकडे कुठेही सोडता आला असता. मधे पैनगंगेचं खोरं आहे, शेतं आहेत, गावं आहेत. पण माझे पाय तिकडेच निघाले, जशी त्या कामाची तेवढी एकच जागा जगात होती.

स्टेशन आता पक्कं झालंय, फलाट उंच झालाय. मी रूळ ओलांडून पलीकडे गेले आणि पोतं सोडलं. तो बाहेर आला, पण पळाला नाही. तिथंच बसून खांदा चाटायला लागला. मी अलीकडे येऊन वळून पाहिलं, तर तो रुळाच्या त्या बाजूला बसून माझ्याकडे पाहत होता, आणि ओलांडत नव्हता. तुमचं खरं ठरत होतं. त्याचाच मला संताप आला. तरी मी जीपमध्ये बसले, मालेगावला आले. रिसोडची गाडी लागलेली होती. मी एक पाय पायरीवर ठेवला, कंडक्टर म्हणाला, “चला बाई, चढा लवकर,” आणि मी पाय मागं घेतला. परत जीप. परत जऊळका.

तो तिथं नव्हता. भर दुपार, रूळ तापलेले, मी झुडपं पाहते आहे, नाल्यात उतरते आहे, पाठीवरून घाम वाहतोय. हाक मारावी तर त्याला नाव नाही, इतके दिवस मी त्याला नुसतं ‘तो’ म्हणत आले. “अरे ए! आरे बोक्या!” असं मी, निवृत्त बाई, उघड्या माळावर ओरडत होते. अलीकडच्या चहाच्या टपरीवाल्यानं विचारलं, “काय हारपलं बाई?”

“बोका.”

“कोणाचा?”

“माहा,” मी म्हटलं.

तो म्हणाला, “पिवळा हाय का? मघापासून त्या नळापाशी बसून राह्यला.” फलाटाच्या टोकाला पाण्याचा नळ गळत होता आणि त्याच्याखाली माझा बोका जीभ लावून बसला होता. फलाटावर, अब्बा. रुळाच्या अलीकडे. तो ओलांडून आला होता. मी तिथं खाली बसले आणि मला रडू फुटलं, कारण मांजर रूळ ओलांडते. म्हणजे तीही आली असेल. आधी पिल्लांपाशी गेली असेल, मग या बाजूला आली असेल, आणि तोवर आपण जीपमध्ये बसून निघून गेलो होतो. तुम्ही मला खोटं सांगितलं होतं. कदाचित तुम्हाला ते खरं वाटत असेल. पण थोडा वेळ थांबून पाहायला काय झालं होतं?

घरी आले तेव्हा दुकानात गिऱ्हाइकं होती. भाऊनं पोतं पाहिलं. “वापस?”

“वापस.”

“आपा, येडी झाली का तू?”

“हो. माहा बोका हाय. त्यानं नासवलेल्या गाद्या वर पाठव, तिन्ही. माह्या कामाच्या हायेत.” आणि मग मुद्दाम, गिऱ्हाइकांसमोर, मोठ्यानं, मी किन्हीराजाच्या लोडाची खरी गोष्ट सांगितली. पिल्लं कुणी ठेवली, लोड कुणी शिवला, कोण खरं बोललं आणि शिक्षा कुणाला झाली. तुमची इज्जत तुमच्याच दुकानात, तुमच्या पिंजणाखाली उभी राहून मी काढली. भाऊनं वर पिंजणाकडे पाहिलं. मग म्हणाला, “अब्बानं न चाचपता शिवला?” मांजरीचं त्याला काही वाटलं नाही, पण लोड न चाचपता शिवला हे त्याच्या पचनी पडेना. शेवटी तुमचाच मुलगा. पण त्या दिवसापासून त्यानं बोक्याचं नाव काढलं नाही, आणि मागच्या खिडकीला जाळी बसवून घेतली.

अकोल्याला ऑपरेशन झालं. आता तो सकाळी येतो आणि दुपारपर्यंत गच्चीत पडून असतो. पांढरी लांबून त्याच्याकडे पाहते. मी त्यातल्या एका गादीवर झोपते. वास येतो. मुलगी फोनवर म्हणते, फेकून दे. मी फेकणार नाही. उरलेल्या दोन बाहेर उन्हात टाकल्यात, काकू नाक धरून त्यांच्या ओट्यावर बसतात आणि बसल्या बसल्या बोलतात. बोलू द्या.

हे पत्र ठेवायचं कुठं हा प्रश्नच आहे. कब्रस्तानात आपल्याकडे बायका जात नाहीत. भाऊच्या हाती दिलं तर तो रस्त्यातच उघडून वाचेल. म्हणून इथंच राहील, आणि इथं राहणार आहे म्हणून शेवटचं तेवढं खरं लिहून टाकते, जे मी दुकानातही सांगितलं नाही. मालेगावच्या स्टँडवर मी पायरीवरून पाय मागं घेतला तेव्हा मला बोका आठवला नव्हता. तुम्ही आठवले होतात, माझा हात धरून पुढे चाललेले. तुम्ही जे केलं नाही ते मी करून दाखवणार, एवढंच डोक्यात होतं. तो नळापाशी सापडला नसता, तर मी घरी येऊन सगळ्यांना सांगितलं असतं की मी निदान परत तरी गेले होते, आणि त्या रात्री मला शांत झोप लागली असती.